परमुलखातील पंडिता

खुटबाव स्टेशनावरून दौंडकडे निघालेल्या गाडीस पुढचेच स्टेशन केडगाव. तेथील मुक्ति मिशन आमच्या भागातील लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु ते स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई तरुणपणी परमुलखात कोणत्या कसोटीतून गेल्या, हे आमच्या मंडळ्यांत क्वचितच सांगितले जाते. म्हणून त्यांच्या चरित्राचा तेवढा भाग आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ मध्ये झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकनिंदा सोसली. पुढे दुष्काळात मातापिता व बहीण गेली. कलकत्त्याच्या विद्वानांनी सन १८७८ मध्ये रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. नंतर भाऊ वारला, आणि सन १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी उरली.

वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी, या हेतूने रमाबाई सन १८८३ मध्ये इंग्लंडास निघाल्या. भाड्याची सोय त्यांनी आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून केली. इंग्रजी भाषेचा अभ्यास तेव्हा नुकताच कोठे सुरू झाला होता. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला. तेथे थोड्याच महिन्यांत त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने मन भ्रमिष्ट होऊन स्वतःचा अंत करून घेतला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, त्याचे दार मात्र बंद झाले. त्यांस ऐकू कमी येत असे, आणि तो दोष वाढत चालल्यामुळे वैद्यकीचा अभ्यास सोडणे भाग पडले.

येथे आमच्या शिक्षकबंधूंनी थोडे थांबावे. परभाषा, अधू कान आणि पदरी मूल अशी ती अवस्था होती. पण जी विद्या आईबापांनी दिली होती, तीच आता उपयोगी पडली. वाँटेजच्या ज्या भगिनी पुण्यास येणार होत्या, त्यांस रमाबाई मराठी शिकवू लागल्या. पुढे चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या एकीकडे स्वतः इंग्रजी व गणित शिकत आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत.

सर्व काही गोडीने झाले, असे मात्र नाही. अंडी घातलेले पक्वान्न रमाबाई खात नसत. भगिनींस तो जातीचा अभिमान वाटे. क्रूसावर लॅटिन अक्षरे हवीत, असा आग्रह होता. रमाबाईंनी विचारले की संस्कृत का नको. पुरुषांस त्यांनी शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांस पटली नाही. भगिनींचा स्नेह खरा होता, हे आम्ही मानितो. परंतु ख्रिस्ती होणे आणि इंग्रज होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रमाबाईंनी ओळखले होते. त्यांच्या हितचिंतकांपैकी कित्येकांस ते उमगले नाही. आमच्याही मंडळ्यांत हा घोटाळा अजून पुरता मिटलेला नाही.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ ता. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. त्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामाची दोन वर्षांहून अधिक झाली. फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती त्यांनी तेथे अभ्यासिली. सन १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्या राष्ट्रात गावोगाव फिरून त्यांनी व्याख्याने दिली. ज्यांनी विधवेचे मुंडन कधी पाहिले नव्हते, त्यांस ते दुःख समजेल अशा रीतीने सांगावयाचे, पण आपल्या देशाची टर उडू द्यावयाची नाही, हे काम सोपे नव्हते. सन १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करिले.

स्वदेशी परतल्यावर सन १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे त्या लोकांस आपले घर दाखविले, तसे आपल्या लोकांस त्यांचेही दाखविले. त्याच वर्षी ता. ११ मार्च रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. नंतरच्या वादांचा विस्तार येथे करीत नाही. सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुली आणिल्या, आणि केडगावच्या माळावर वस्ती झाली.

तेथे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. केडगावच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून ते छापिले गेले. मनोरमा सन १९२१ मध्ये वारली आणि रमाबाई ता. ५ एप्रिल १९२२ रोजी. बालपणी ज्यांस भागवताचे हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत होते, त्यांनी या भाषांतरातून कठीण संस्कृत शब्द निवडून काढिले आणि खेड्यातील बाईस कळेल असे बोलीतले शब्द घातले.