रविवारची सुट्टी सगळ्यांना माहीत, पण नारायण मेघाजी लोखंडे यांची पाचवी मागणी माहीत आहे का?

हरसूल : भातकापणी उरकली की आपल्या भागातली कितीतरी घरं कडी लावून बाहेर पडतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत, कोणी वीटभट्टीवर, कोणी नाशकात सेंटरिंगच्या कामाला, तर कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. उचल किती, रोज किती, गाडीभाडं कोण देणार, हे सगळं निघायच्या आधी ठरतं. वरून पडलो किंवा मशीनमध्ये हात गेला तर पुढे काय, हे मात्र कोणी ठरवत नाही. मुकादम ते काढत नाही आणि आपणही विचारत नाही.

हा प्रश्न १८८४ साली मुंबईत एका माणसाने हजारो गिरणी कामगारांच्या सह्या-अंगठ्यांसह सरकारपुढे ठेवला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचं नाव. १० जून आला की व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो फिरतो, रविवारची सुट्टी यांनी मिळवून दिली म्हणून. ते खरंच आहे, पण अर्धंच. त्यांनी मागितलेल्या पाच गोष्टींत सुट्टी ही एक होती. आपल्या मजूर माणसाच्या जास्त कामाची गोष्ट यादीत शेवटी होती आणि ती मिळायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. घर फुलमाळी समाजाचं, परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं. सुरुवातीला टपाल आणि रेल्वेच्या खात्यात नोकरी केली, पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर ही जागा मधली असते. तो मालकाचा माणूस नसतो आणि साच्यावर उभा राहणारा कामगारही नसतो. सामान आलं किती, गेलं किती, याची वही त्याच्या हातात असते आणि गिरणीत दिवसभर काय चाललंय ते त्याच्या डोळ्यांसमोर असतं. लोखंडेंनी जे पाहिलं ते वहीपुरतं ठेवलं नाही.

त्यांनी काय पाहिलं, ते नीट समजून घेऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत परळ, ताडदेव भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कामाला माणसं कोकण, घाट, देशावरून आलेली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. जेवायला ठरलेली सुट्टी नाही. मशीन चालू असतानाच कोपऱ्यात बसून दोन घास खायचे. आठवड्याची सुट्टी नाही, सणावाराला मिळेल ती. पगार महिना उलटून गेल्यावर, कधी त्याहून उशिरा.

आणि मशीन कशी होती? आजच्यासारखी प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नव्हती. खाली एक मोठं वाफेचं इंजिन असायचं. त्याची ताकद छताजवळच्या लांब लोखंडी दांड्यांवर जायची आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक साच्यापर्यंत यायचे. गावच्या जुन्या पिठाच्या गिरणीत ज्याने फिरणारा पट्टा पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे एका खोलीत असे कितीतरी पट्टे एकदम फिरायचे. एका माणसाचं धोतर अडकलं म्हणून खालचं इंजिन लगेच थांबत नसे. पदर, मोकळे केस, सफाई करणाऱ्या पोराचा हात, काहीही ओढलं जायचं. गेलेल्या हाताची जबाबदारी कोणावरच नव्हती. जखमी माणूस घरी, त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी गेटवरचा नवा माणूस.

कायदा अगदीच नव्हता असं नाही. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात ७ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायचं नाही, ७ ते १२ च्या मुलांना ९ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, धोक्याच्या मशीनला कुंपण घालायचं, अपघात झाला तर कळवायचं, असं लिहिलं होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल मात्र एक अक्षर नाही. आणि हा कायदा लागू कुठे? जिथे १०० किंवा जास्त माणसं आहेत आणि जो कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालतो, तिथेच. म्हणजे खानदेशातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामात बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होत्या, त्या या कायद्याच्या बाहेर. हंगामी कामगार म्हटला की कायदा त्याला वगळतो, ही रीत तेव्हापासूनची आहे. असे हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ साल उजाडलं.

लोखंडे तोवर जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात आले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं दीनबंधु हे पत्र पैशाअभावी अडखळत होतं. १८८० मध्ये लोखंडेंनी ते मुंबईत आणून आपल्या अंगावर घेतलं आणि त्यात शेतकऱ्याबरोबर गिरणी कामगाराचं दुखणं छापायला लागले. त्या वेळी पुष्कळ देशी वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्याच्या विरोधात होती. त्यांचं म्हणणं असं की हा कायदा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हवाय, इथला धंदा बुडवायला. त्यात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. विलायतेतल्या गिरणीमालकांना मुंबईचं स्वस्त सूत खुपतच होतं. पण साच्यावर चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला मँचेस्टर काय आणि मुंबई काय. लोखंडे त्या माणसाच्या बाजूने उभे राहिले. देशाभिमानाच्या नावाखाली मजुराला गप्प बसवायचं नाही, ही त्यांची भूमिका त्या काळात सोपी नव्हती.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली फॅक्टरी कमिशन नेमलं. कामगारांचं म्हणणं तिथे कोण मांडणार? लोखंडेंनी त्याच वर्षी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि सप्टेंबर महिन्यात परळला कामगारांच्या सभा घेतल्या. अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी, सभासद-यादी, घटना असं काही नव्हतं, बराचसा भार एकट्या लोखंडेंवर होता. तरीही देशातल्या कामगारांची ही पहिली संघटना म्हणतात, ते योग्यच आहे.

मागण्या पाच. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी : कामावर असताना जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या पाचव्या मागणीतला हिशोब फार पक्का आहे. १८८१ च्या कायद्याने मशीनला कुंपण घाला म्हटलं होतं. पण कुंपणाला खर्च येतो आणि गेलेल्या हाताला मालकाचा एक पैसाही लागत नव्हता. मग कुंपण कोण घालणार? तपासायला इन्स्पेक्टर येईपर्यंत सगळं तसंच. उलट, प्रत्येक जखमेचे पैसे मालकाच्या खिशातून जायला लागले की तोच आपल्या इंजिनिअरला बोलावून विचारेल, या पट्ट्याला जाळी का नाही, चालू मशीनवर पोरगं सफाईला का पाठवलं. मशीन बसवायच्या आधीच धोका कुठे आहे ते बघणं, चालू करण्यापूर्वी तपासणं, दुरुस्तीच्या वेळी बंद ठेवणं, हे इंजिनिअरचं काम आहे. कामगाराने जपून राहावं एवढं सांगून ते संपत नाही. गिरणीतल्या एका स्टोअरकीपरने हे ओळखलं होतं.

कमिशनचा अहवाल आला, पण लगेच काही बदललं नाही. लोखंडेंनी पिच्छा सोडला नाही. अर्ज, सभा, दीनबंधुतले लेख चालूच राहिले. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. विचार करा, १८९० साल, उघडं मैदान, दहा हजारांची सभा, आणि गिरणीतल्या बाया उभ्या राहून बोलतायत. त्यांची नावं सहसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर गिरणीमालकांच्या संघटनेने माघार घेतली आणि १० जून १८९० ला आठवड्याची एक सुट्टी मान्य केली. सुट्टीचा वार रविवारच का? साहेबांच्या कचेऱ्या रविवारी बंद असायच्याच. शिवाय रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार, हेही कारण लोखंडेंनी पुढे केलं असं सांगतात. जोतिराव फुले तेव्हा हयात होते, त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ते गेले.

सरकारने १८९० मध्ये आणखी एक कमिशन नेमलं, त्याच्या कामात लोखंडेंना सामील करून घेतलं. १८९१ च्या दुरुस्त कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायकांना ११ तासांची मर्यादा आली, ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि ९ ते १४ च्या मुलांना ७ तास. कायदा ५० माणसांच्या कारखान्यालाही लागू झाला. जखमी कामगाराची भरपाई मात्र त्यात नव्हतीच.

ती आली १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला, लोखंडे जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. त्या कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. ठेकेदार पळून गेला म्हणून भरपाई बुडत नाही, ज्याच्या धंद्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाकडे मागता येते. अपघातात माणूस गेला असेल तर त्याने बेल्ट लावला नव्हता, हेल्मेट घातलं नव्हतं असं सांगून मालकाला हात झटकता येत नाहीत. आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. तेराव्याला कोणीतरी पाकीट आणून देतं, कोऱ्या कागदावर अंगठा घेतं आणि आपली माणसं विषय मिटला असं समजतात. तसा तो मिटत नाही.

कुंपणाचा धागाही पुढे गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाल्यावर १९८७ साली त्यात मोठी भर पडली. कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. मशीनचा आराखडा करणारा, ती बनवणारा आणि पुरवणारा यांनीही ती सुरक्षित आहे याची आधी खात्री करायची, तपासणी करायची, असं कलम आलं. धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० मध्ये संसदेने असे १३ कायदे एकत्र करून नवी संहिता मंजूर केली. तिच्यात एक आकडा बघण्यासारखा आहे. विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किती माणसं? १८८१ ला १००, १८९१ ला ५०, १९२२ ला २०, १९४८ ला १०. नव्या संहितेत पुन्हा २०. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना वेगळे नियम आहेत हे खरं, पण बारा-पंधरा पोरं राबतात त्या छोट्या वर्कशॉपचं काय, हा प्रश्न राहतोच. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्याला आग लागून कामगार दगावले. त्या दिवशीचा धूर आपल्या जिल्ह्याने पाहिलाय.

लोखंडेंचं काम गिरणीपुरतं नव्हतं. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवावं म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा दोन्हीकडच्या कामगारांना राणीच्या बागेत एकत्र आणून सलोख्याची मोठी सभा भरवली. १८९५ ला सरकारने रावबहादूर किताब दिला.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. गिरण्यांतली माणसं गावाकडे पळू लागली, ज्यांना जाता आलं नाही ती चाळीत पडून राहिली. लोखंडेंनी शहर सोडलं नाही. रोग्यांसाठी दवाखाना उभा केला, स्वतः त्यांच्यात वावरले. तिथेच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय पन्नाशीच्या आत. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या त्या साधारण महिनाभराने, १० मार्चला. कामगारांचे प्रश्न शिकवणारी राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था परळला आहे, तिला लोखंडेंचं नाव दिलेलं आहे. २००५ साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.