गाण्यांनी उभारलेली वास्तू : एला शेपर्ड यांचे जीवन

शिक्षणसंस्था उभ्या राहतात त्या दात्यांच्या औदार्यावर, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कोणी जमीन देतो, कोणी इमारतीचा खर्च उचलतो आणि त्यांची नावे प्रवेशद्वारी कोरली जातात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरी, फिस्क विद्यापीठाच्या आवारात मात्र एक भव्य वसतिगृह असे आहे, जे गाण्यांच्या मोलावर उभे राहिले. ती गाणी गुलामांची होती आणि ती गाणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतच झाला होता. या गायकवृंदाचा कणा होती एक कृश प्रकृतीची तरुणी. तिचे नाव एला शेपर्ड.

एलाचा जन्म ४ फेब्रुवारी १८५१ रोजी नॅशव्हिलजवळ झाला. वडील सायमन हे मजुरी करून, पै-पै साठवून, स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेले गृहस्थ होते. आई सारा मात्र गुलामच राहिली. मालकिणीने लहानग्या एलाला आईच्याच चहाड्या सांगायला शिकविले. ते कळताच आई हताश झाली आणि लेकीसह नदीत उडी घेण्यास निघाली. वाटेत एका वृद्धेने तिला अडविले, म्हणून दोघी वाचल्या. ही हकीकत एला शेपर्ड यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवली आहे. अखेरीस वडिलांनी ३५० डॉलर मोजून मुलीची सुटका केली; पण आईला दूर मिसिसिपीकडे नेण्यात आले. मायलेकींची ताटातूट झाली.

वडील एलाला घेऊन सिनसिनाटी येथे स्थायिक झाले. तेथे मुलीची संगीताची ओढ त्यांनी हेरली व तिला पियानो मिळवून दिला. १८६६ मध्ये पटकीच्या साथीत त्यांचे निधन झाले आणि कुटुंब उघड्यावर पडले. पुढे एका गोऱ्या शिक्षिकेने तिला शिकविण्याचे मान्य केले, परंतु अट अशी की, कोणास कळता कामा नये. रात्रीच्या वेळी आणि मागच्या दाराने यावे. अशा बाराच शिकवण्या तिच्या पदरी पडल्या. त्यानंतर गॅलटिन या गावी तिने शाळेत शिकविले आणि गाठीशी जेमतेम सहा डॉलर जमवून १८६८ मध्ये ती फिस्क येथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली.

फिस्कची शाळा १८६६ च्या जानेवारीत सुरू झाली होती. यादवी युद्धातील लष्करी रुग्णालयाच्या लाकडी बराकींत तिचे वर्ग भरत. जवळच गुलामांच्या बाजारातील गंजलेल्या बेड्यांचा ढीग पडला होता; त्या भंगारात विकून मुलांसाठी पुस्तके आणल्याची आठवण त्या शाळेने जपून ठेवली आहे. परंतु बेड्यांच्या पैशावर शाळा किती दिवस चालणार? बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढले, मुलांना पोटभर अन्न मिळेना. शाळा बंद पडण्याची वेळ येऊन ठेपली. तेव्हा संस्थेचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी मुलांचा गायकवृंद घेऊन दौरा काढण्याचे ठरविले. एला शेपर्ड तोवर तेथे संगीत शिकवू लागल्या होत्या. गायकवृंदाची साथ आणि तालमी यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ गायक नॅशव्हिलहून निघाले. त्यांत सर्वांत धाकटी मिनी टेट चौदा वर्षांची होती आणि एला शेपर्ड स्वतः अवघ्या वीस वर्षांच्या. हॉटेलांची दारे त्यांच्यासाठी बंद होत; थंडीत मुक्कामासाठी घर शोधत हिंडावे लागे. सिनसिनाटीला पोहोचतात तोच शिकागो शहर आगीत भस्मसात झाल्याची वार्ता आली. त्यांची त्या मैफलीची मिळकत पन्नास डॉलरही नव्हती. ती सारी त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. उपाशी शाळेसाठी भिक्षा मागायला निघालेल्या मुलांचे हे दान होते.

आरंभी हा वृंद गोऱ्या समाजात रूढ असलेली गाणीच गात असे. आपल्या आईबापांनी शेतात राबताना, रात्री दारे लावून, हलक्या आवाजात गाइलेली भजने परक्यांपुढे गाण्यास ही मुले धजत नव्हती. ती गाणी गुलामीच्या दिवसांची खूण होती, म्हणून लाज वाटे; ती वडीलधाऱ्यांची पवित्र ठेव होती, म्हणून संकोच वाटे. एकांतात मात्र ती गुणगुणली जात. एला शेपर्ड यांनी ही गाणी जमविली, स्मरणात बसविली, सर्वांकडून घोटून घेतली. नोव्हेंबरमध्ये ओबर्लिन येथे धर्मप्रतिनिधींच्या परिषदेत मुलांनी त्यांतील एक गीत आरंभिले आणि सभागृह निःशब्द झाले. तेथून दौऱ्याचे रूप पालटले. त्याच सुमारास व्हाइट यांनी वृंदाला ज्युबिली हे नाव दिले. ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथांत दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करण्याचे जे वर्ष सांगितले आहे, त्याचे हे नाव.

समूहगायन ही वरवर सोपी वाटणारी, पण कठीण विद्या आहे. प्रत्येकाला आपला गळा दाखविण्याचा मोह होतो. तो आवरून शेजारच्याचा स्वर ऐकावा लागतो. या वृंदाची ख्याती मोठ्या आवाजासाठी नव्हती. गाणे कधी सुरू झाले हे कळू नये इतक्या मंद स्वरांत ते आरंभ करीत आणि नऊ गळे एका श्वासाने चालत. त्यामागे रोजची तालीम होती आणि त्या तालमीत एला शेपर्ड यांचा कान होता. व्हाइट वारंवार आजारी पडत, तेव्हा सारा भार त्यांच्यावर येई. स्वतः आजारी असूनही त्या साथीला बसत. श्रोत्यांच्या टाळ्या गायकांना मिळत. वृंद एकत्र राखण्याचे काम पियानोमागे बसून त्या करीत.

१८७२ च्या मार्चमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायन केले. पहिल्या दौऱ्याअखेर २०,००० डॉलर घेऊन ते परतले. कर्ज फिटले, नवी जागा खरेदी झाली. १८७३ मध्ये ते इंग्लंडला गेले व राणी व्हिक्टोरियापुढे गाइले. त्याच वर्षी इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. ज्यांच्या मुक्तीचे जोतीरावांना इतके अप्रूप होते, त्यांचीच मुले त्या वर्षी आपल्या शाळेसाठी सातासमुद्रापार गात होती. इंग्लंडमधून सुमारे ५०,००० डॉलर मिळाले आणि १ जानेवारी १८७६ रोजी ज्युबिली हॉलचा समर्पण समारंभ झाला. ज्यांच्या आईबापांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांच्या लेकरांसाठी ही पक्की इमारत उभी राहिली. सात वर्षांत एकूण सुमारे दीड लाख डॉलर जमले. मात्र अविश्रांत प्रवासाने गायकांची प्रकृती खचली आणि १८७८ मध्ये मूळ वृंद विसर्जित झाला.

या सर्व कीर्तीपेक्षा एला शेपर्ड यांना मोलाची वाटावी अशी गोष्ट वेगळीच होती. युद्धानंतर त्यांनी आईचा शोध घेतला, तिला व सावत्र बहिणीला नॅशव्हिलला आणले आणि आईसाठी घर बांधले. १८८२ मध्ये धर्मोपदेशक जॉर्ज मूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील आयुष्य त्यांनी स्त्रियांच्या व कुटुंबांच्या शिक्षणकार्यात वेचले. फिस्कच्या नव्या पिढीतील गायकांनाही त्या जुनी गाणी शिकवीत राहिल्या. ९ जून १९१४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी उभारण्यास साह्य केलेल्या संस्थेतून १८८८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉय नावाचा विद्यार्थी पदवीधर होऊन बाहेर पडला. कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा तो थोर विचारवंत झाला आणि आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने या गीतांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याच डुबॉय यांच्याशी १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्रव्यवहार केला. एका वसतिगृहाच्या गाण्यांचा धागा किती दूरवर पोहोचतो, हे यावरून ध्यानी येते.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींनी हे चरित्र अवश्य स्मरणात ठेवावे. आजी-आजोबांची जात्यावरची, शेतातली, जलशातली गाणी लपविण्याजोगी नसतात. ती एकमेकांचा स्वर सांभाळून, एका सुरात गाइली, तर त्यांतून आपल्यामागून येणाऱ्यांसाठी छप्परही उभे राहू शकते.