सवयी बदलणारी डॉक्टर : मेबल आरोळे

घरी आजीला साखरेचा आजार असतो. डॉक्टर सांगतात, गोड बंद करा, रोज अर्धा तास चाला. आजी मान डोलावते, गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेवते आणि घरी येऊन चहात नेहमीसारखी दोन चमचे साखर घालते. पुढच्या खेपेला डॉक्टर चिडतात. आपल्यापैकी बहुतेकांनी हे पाहिलेलं आहे. सांगणारा बरोबर असतो, ऐकणारीही काही वेडी नसते, तरी सवय सुटत नाही. मग ती सुटते कशी? या एका प्रश्नामागे ज्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्या डॉ. मेबल आरोळे यांची ही ओळख.

मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूरला झाला. डॉक्टर होण्यासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथेच त्यांची ओळख अहमदनगर जिल्ह्यातल्या रजनीकांत आरोळे या विद्यार्थ्याशी झाली. १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं. खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं हे दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं. शहरात दवाखाना थाटला असता तर पैसा आणि मान दोन्ही मिळालं असतं. ते गेले अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात.

तिथे काम भरपूर होतं. पण काही काळाने दोघांच्या लक्षात एक गोष्ट आली. जुलाबाने सुकलेलं मूल यायचं, सलाइन लावलं की तरतरीत होऊन घरी जायचं, आणि थोड्या दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात. आलेले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. रुग्णालय कितीही मोठं केलं तरी आजाराचं मूळ गावात, घरात, चुलीजवळ होतं आणि तिथपर्यंत डॉक्टरचा हात पोचत नव्हता. पुढे दोघं अमेरिकेला गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. १९७० साली परत येऊन त्यांनी काम सुरू केलं ते जामखेडला.

जामखेड म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. आधुनिक उपचारांची सोय जवळपास नव्हती. त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. म्हणजे जवळजवळ दर सहा पाळण्यांतला एक रिकामा व्हायचा.

यामागे गरिबी होतीच, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीही होत्या. गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, म्हणून तिला कमी खायला घालायचं. बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध वाईट, म्हणून ते काढून टाकायचं आणि दोन-तीन दिवस बाळाला अंगावर पाजायचंच नाही. जुलाब लागले की पाणी बंद करायचं. काही आजार म्हणजे देवीचा कोप, मग तिथे औषध कशाला? यातली एकही गोष्ट कोणी दुष्टपणाने करत नव्हतं. जी सासू सुनेला अर्धी भाकरी द्यायची, तिला सुनेचा जीव वाचवायचा होता. मेबल यांना हे समजलं होतं, म्हणून त्यांनी कोणाला अडाणी ठरवलं नाही.

आरोळे दांपत्याने आधी गावाची गरज ओळखली. लोकांना आरोग्याआधी पाणी आणि अन्न हवं होतं. १९७२ चा दुष्काळ तर सगळ्या महाराष्ट्राला आठवतो. गावोगाव लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, कूपनलिका खोदल्या गेल्या. या कूपनलिका मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. पाणी तिथेच, तेव्हा सगळ्या गावाला तिथेच यावं लागलं. शिवाशिवीविरुद्ध भाषण न करता त्यांनी ती सवय पाण्याच्या हंड्यातून सैल केली.

पण घरातल्या सवयींचं काय? सुरुवातीला शिकलेल्या परिचारिकांना गावात पाठवून पाहिलं. ते जमलं नाही. गावाला त्या परक्या वाटत आणि त्यांनाही एकटीने खेड्यात राहणं अवघड जाई. पंचविशीतल्या शहरी मुलीने चार लेकरांच्या आईला बाळ कसं वाढवायचं ते सांगायचं, हे कोणाला पटणार? मग दुसरी वाट धरली. गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला जामखेडला शिकवायचं. निवडून आलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, बऱ्याचजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या.

दर आठवड्याला त्या जामखेडला येत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र राहत. पहिली सवय तिथे मोडली, ती त्यांची स्वतःची. एकेकीला चारचौघांत नाव सांगायचीही भीती वाटे. तेव्हा मेबल यांनी औषधांच्या आधी त्यांच्या मनातला कमीपणा काढायला घेतला. मग गर्भारपण, बाळंतपण, लसी, कुष्ठरोग, क्षय, सगळं चित्रं दाखवून, गाणी म्हणून, बोलत बोलत शिकवलं. डॉक्टरांनी आपलं ज्ञान असं वाटून टाकणं तेव्हा अनेक डॉक्टरांना रुचत नव्हतं. मेबल यांच्या मते मात्र ते दडवून ठेवणं हाच खरा रोग होता.

गावी परतलेली ही बाई व्याख्यान देत नसे. सकाळी पाणवठ्यावर, दुपारी निवडण-टिपण करताना ती बोलायची. सुनेशी एकटीशी न बोलता सासूला आधी विश्वासात घ्यायची, कारण भाकरी सासूच्या हातात. मुलाला जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून घोट घोट पाजायची, आणि ते आईच्या घरातल्या भांड्यात, आईच्या हातून करून घ्यायची. औषध दुकानात नव्हतं, घरातच होतं. उद्या काय झालं ते बघायला ती पुन्हा यायची, कारण राहायला ती दोन घरं सोडूनच होती. एका बाळाचं वजन वाढलं की शेजारणीला वेगळं सांगावं लागत नसे.

हे पटापट झालं नाही, वर्षं लागली. पण १९९० च्या दशकात त्या गावांमधला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून विशीच्या आसपास उतरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव मांडला. १९७८ साली अल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा विचार जगाने स्वीकारला, तेव्हा जामखेडमध्ये तो प्रत्यक्षात चालू होता. १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबल यांनी युनिसेफसाठी दक्षिण आशियात काम केलं आणि १९९४ साली दोघांनी जामखेडवर पुस्तक लिहिलं. सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल गेल्या. काम मात्र चालू राहिलं, कारण ते एका डॉक्टरच्या हातात ठेवलेलंच नव्हतं.

आजीच्या चहाकडे परत येऊ. आपण तिला पुन्हा एकदा दटावू शकतो, किंवा उद्यापासून तिच्यासोबत आपणही कमी साखरेचा चहा घेऊ शकतो आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालू शकतो. जामखेडच्या त्या बायकांनी यातलं काय केलं असतं, हे आता वेगळं सांगायला नको.