हायड्रोजनयुगाचा द्रष्टा
जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कोरले गेले ते आनुवंशिकीसाठी. निसर्गनिवडीच्या सिद्धांताला गणिताची बैठक देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. मात्र, आज ज्याला हरित हायड्रोजन म्हटले जाते त्याची रूपरेषा त्यांनी शतकापूर्वीच मांडली होती, याचे स्मरण फारसे कुणाला नाही.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे हाल्डेन यांचा जन्म झाला. खाणींतील विषारी वायूंचा अभ्यास करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन हे त्यांचे वडील. वडिलांच्या प्रयोगांत सहभागी होतच ते वाढले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढल्यानंतर ते अध्यापनाकडे वळले.

४ फेब्रुवारी १९२३ रोजी केंब्रिज येथे त्यांनी एक निबंध वाचला. तो 'डीडॅलस' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कोळशाचे साठे कधीतरी संपणारच, हे गृहीत धरून त्यांनी इंग्लंडच्या भविष्याचे चित्र रेखाटले होते. पवनचक्क्यांच्या रांगा वीज निर्माण करतील. वारा जोराचा असताना उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळवले जातील. हे वायू द्रवरूपात साठवून वारा पडताच त्यांपासून पुन्हा वीज घेतली जाईल, अशी ती योजना होती. आरंभीचा खर्च मोठा असला तरी धूर व राख होणार नाही आणि ऊर्जा साठवता आल्याने उद्योग एकाच ठिकाणी एकवटणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. यासाठी त्यांनी ४०० वर्षांचा अवधी धरला होता.

समाजवादी विचारांचे हाल्डेन सुएझ प्रकरणातील ब्रिटिश धोरणामुळे व्यथित झाले. १९५७ साली लंडनमधील प्राध्यापकपद सोडून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. याच काळात पंजाबातील नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या जलविद्युतेने पाण्यातून हायड्रोजन काढून अमोनिया बनू लागला होता. इजिप्तमध्ये आस्वान येथेही तोच प्रयोग सुरू होता. विजेची टंचाई आणि खर्च यांमुळे नांगलमध्ये ही वाट पुढे मागे पडली.

अखेरच्या काळात हाल्डेन यांनी भुवनेश्वर येथे आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली. १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्या निबंधाला १०० वर्षे होत असतानाच, जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. १९,७४४ कोटी रुपयांच्या या अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी निवडलेल्या बंदरांत हाल्डेन यांच्या अखेरच्या कर्मभूमीतील, ओडिशातील पारादीपही आहे. नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या हायड्रोजनपेक्षा हा हायड्रोजन आजही महाग पडतो. नांगलची वाट ज्या अडचणीने रोखली, तीच ओलांडण्यावर विकसनशील देशांचे यश अवलंबून राहील.