भिंतीलगतचं टेबल

२९ फेब्रुवारी १९४०ची रात्र. लॉस एंजेलिसच्या अँबेसेडर हॉटेलमधलं ‘कोकोनट ग्रोव्ह’ हे दालन ऑस्करच्या सोहळ्यासाठी सजलं होतं. ‘गॉन विथ द विंड’ची मंडळी, म्हणजे निर्माता डेव्हिड सेल्झनिक, व्हिव्हियन ली, ऑलिव्हिया द हॅविलँड, मोक्याच्या जागी एकत्र बसली होती. त्याच चित्रपटातली आणखी एक अभिनेत्री मात्र त्यांच्यात नव्हती. केसांत गार्डिनियाची पांढरी फुलं माळून ती भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी बसली होती. बरोबर तिचा सोबती आणि तिचा एजंट. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेशच नव्हता. सेल्झनिकनं रदबदली केली म्हणून तिला आत घेतलं गेलं. पंगतीला बोलावणं होतं, पण पान वेगळं मांडलं होतं.

थोड्या वेळानं त्या वर्षीची उत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून तिचंच नाव पुकारलं गेलं. हॅटी मॅकडॅनियल. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. आपण आपल्या समाजाला आणि चित्रपट व्यवसायाला भूषण ठरू, अशी आशा तिनं भरल्या गळ्यानं व्यक्त केली आणि ती पुन्हा आपल्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली. याच पुरस्कारासाठी नामांकन असलेली ऑलिव्हिया द हॅविलँड त्या रात्री हिरमुसून रडली होती. हॅटीला मिळाली ती मात्र सोनेरी बाहुली नव्हे, एक छोटी पाटी होती. यात भेदभाव नव्हता बरं का! त्या काळी सहायक कलाकारांना, गोरे असोत की काळे, पाटीच दिली जात असे. पण या पाटीची पुढची कहाणी काही वेगळीच आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी झाला. आईवडिलांचं ते तेरावं अपत्य. दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेन्री अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं कृष्णवर्णीयांच्या पलटणीतून लढले आणि जखमी झाले. ज्या देशासाठी लढले त्या देशाकडून पेन्शन मिळवण्यासाठी त्यांना पुढे वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. आई सुसान चर्चमध्ये गाणारी. घरात दारिद्र्य आणि गाणं, दोन्ही भरपूर.

पुढे कुटुंब कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आलं. शाळेत असताना १९१०मध्ये दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या महिलांच्या संघटनेनं भरवलेल्या स्पर्धेत हॅटीनं पाठांतरासाठी पदक मिळवलं आणि लवकरच शाळा सोडून ती भावांच्या फिरत्या नाटकमंडळीत सामील झाली. १९११मध्ये लग्न झालं आणि १९१५मध्ये ती विधवा झाली. पाठोपाठ, १९१६मध्ये, मंडळीचा आधार असलेला भाऊ ओटिस गेला. पोटासाठी लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक आणि सवड मिळेल तेव्हा रंगमंच, असं तिचं आयुष्य सुरू झालं. विसाच्या दशकात जॉर्ज मॉरिसनच्या वाद्यवृंदाबरोबर ती गात हिंडली, डेन्व्हरच्या आकाशवाणीवर गायली, शिकागोत तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. ब्लूज गाणारी, स्वतः गाणी लिहिणारी ही हॅटी आज फारशी कुणाला आठवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९२९च्या मंदीनं सगळं धुऊन नेलं. मिलवॉकी शहरातल्या एका क्लबात तिला काम मिळालं ते बायकांच्या प्रसाधनगृहाची देखभाल करण्याचं. हातात टॉवेल घेऊन ती दाराशी उभी राहत असे. एका रात्री तिला गाण्याची संधी मिळाली आणि त्यानंतर टॉवेल सुटला तो सुटलाच. पुढची दोनेक वर्षं ती तिथे गायली.

१९३१मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहीण एटा तिथे आधीच सिनेमात किरकोळ कामं करत होते. सॅमच्या ओळखीनं तिला आकाशवाणीच्या एका कार्यक्रमात जागा मिळाली. त्यात ती एका आगाऊ मोलकरणीचं काम करी. गंमत अशी की, त्याचे पैसे इतके थोडे मिळत की घर चालवण्यासाठी तिला उरलेल्या वेळात खरोखरच मोलकरीण म्हणून राबावं लागे!

सिनेमातही तेच. कृष्णवर्णीय स्त्रीसाठी हॉलिवूडकडे जेमतेम दोन वेष होते, स्वयंपाकिणीचा आणि दाईचा. हॅटीनं ते अंगावर चढवले, पण त्यात मान खाली घालून उभी राहिली नाही. १९३५च्या ‘अॅलिस अॅडम्स’मधला जेवणाचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती विसरता येणार नाही. कॅथरिन हेपबर्नचं मध्यमवर्गीय कुटुंब श्रीमंत पाहुण्यावर छाप पाडण्यासाठी एका दिवसापुरती मोलकरीण आणतं. बाहेर उकाडा, ताटात गरमागरम जड पदार्थ, आणि वाढायला ही मलीना. डोक्यावरची टोपी घसरलेली, तोंडात च्युइंगगम, चेहऱ्यावर एक थंडगार कंटाळा. एका शब्दाचीही उलट उत्तरं न देता ती त्या घराच्या बडेजावाची पार रया घालवते. १९३६च्या ‘शो बोट’मध्ये तर पॉल रोबसनसारख्या कलावंताबरोबर तिला गायलाही मिळालं.

आणि मग आली मॅमी. ‘गॉन विथ द विंड’मधल्या या दाईच्या भूमिकेसाठी मोठीच चुरस होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनीही व्हाइट हाउसमधल्या मोलकरणीचं नाव सुचवून पाहिलं. सेल्झनिकनं निवडलं हॅटीला. चित्रपटाच्या सुरुवातीला स्कार्लेटच्या कॉर्सेटच्या नाड्या आवळता आवळता तिला फैलावर घेणारी मॅमी सर्वांना आठवते. पण माझ्या मते हॅटीचं खरं सामर्थ्य शेवटाकडच्या जिन्यावरच्या प्रसंगात आहे. लहानगी बॉनी घोड्यावरून पडून गेलेली. बाप ऱ्हेट मुलीचं प्रेत घेऊन खोलीत कोंडून बसलेला. पोरीला अंधाराची भीती वाटायची, म्हणून तो तिला पुरू देत नाही. हे सगळं मॅमी मेलनीला सांगते आहे. दोघी जिना चढताहेत, आणि ही जाडजूड बाई पायरीगणिक खचत जाते. ती घटना आपण पाहतच नाही, फक्त मॅमीच्या तोंडून ऐकतो आणि हादरून जातो. पुरस्कार मिळाला तो याच तयारीला, असं मला नेहमी वाटतं.

मात्र १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा हॅटी तिथे नव्हती. जॉर्जिया राज्यात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसण्याला कायद्यानं बंदी होती. तिथल्या स्मरणिकेतून तिचं छायाचित्रही काढून टाकलं गेलं. आदल्या रात्री त्याच शहरात यानिमित्त झालेल्या मेजवानीत स्थानिक कृष्णवर्णीय चर्चच्या मंडळींना गुलामांच्या वेषात गायला उभं केलं होतं. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

ऑस्करनंतर तरी तिला वेगळ्या भूमिका मिळाल्या का? नाही. पुन्हा मोलकरीणच. वर तिच्यावर टीका सुरू झाली ती स्वतःच्या समाजातून. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एनएएसीपी’ संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट १९४२मध्ये हॉलिवूडला आले आणि त्यांनी अशा भूमिका बंद व्हाव्यात म्हणून स्टुडिओवाल्यांकडे आग्रह धरला. हॅटीच्या ते जिव्हारी लागलं. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं काम केलेलं काय वाईट, असा हिशेब तिच्या नावावर सांगितला जातो. व्हाइट यांचं म्हणणं चूक नव्हतं. मालकासाठी जीव टाकणारी हसरी दाई पाहून गोऱ्या प्रेक्षकाला गुलामगिरी सुसह्य वाटत होती, हे खरंच होतं. पण ज्या बाईनं दोन्ही घरांतली भांडी घासली होती, खरी आणि पडद्यावरची, तिला हा उपदेश झोंबला तर तिला दोष कसा द्यावा?

शिवाय लढायची वेळ आली तेव्हा ती मागे हटली नाही. १९४२च्या सुमारास तिनं लॉस एंजेलिसच्या वेस्ट अॅडम्स हाइट्स भागात प्रशस्त घर घेतलं. कृष्णवर्णीयांची वस्ती वाढू लागल्यावर या टेकाडाला ‘शुगर हिल’ हे नाव पडलं होतं. पण तिथल्या जुन्या खरेदीखतांत अट होती की, घर गोऱ्यांनाच विकायचं. त्या अटीवर बोट ठेवून काही गोऱ्या शेजाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली. हॅटी, लुईझ बीव्हर्स, एथेल वॉटर्स अशा सगळ्यांनाच घराबाहेर काढायचा बेत होता. रहिवाशांच्या बैठका हॅटीच्या घरी होऊ लागल्या. वकील होते लॉरेन मिलर. डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः जाऊन ती वस्ती पाहून आले आणि त्यांनी दावा फेटाळला. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनं दिलेली समानता पुरेपूर मिळायलाच हवी, असा त्यांचा निर्णय होता. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा अटींची अंमलबजावणी देशभर थांबवली, तेव्हाही मिलर त्या लढाईत होतेच.

घर राखलं, पण घरात माणसं टिकली नाहीत. चार लग्नं झाली. पहिले दोघे नवरे लवकर गेले, पुढच्या दोघांशी काडीमोड झाला. १९४४मध्ये, पन्नाशीत, तिला दिवस गेल्याची वार्ता पसरली. मैत्रिणींनी कौतुकानं तयारी केली, बाळाच्या वस्तू जमल्या. मग डॉक्टरांनी सांगितलं की गर्भ नाहीच, तो मनाचा भास होता. ती त्या धक्क्यातून पुरती कधी सावरली नाही.

१९४७मध्ये आकाशवाणीवरची ‘ब्यूला’ ही मालिका तिच्याकडे आली. गोऱ्या घरातल्या या काळ्या मोलकरणीचा आवाज तोवर गोरे पुरुष काढत होते! हॅटीनं करारातच घालून घेतलं की आपण अडाणी बोलीत बोलणार नाही आणि संहितेतलं खटकेल ते बदलू. मालिका तुफान चालली. ‘ब्यूला’ दूरचित्रवाणीवर गेली तेव्हाही तिला घेतलं, पण मोजके भाग होताहेत तोच प्रकृतीनं दगा दिला. आधी हृदयविकार, मग स्तनाचा कर्करोग. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वुडलँड हिल्स इथे, सिनेमावाल्यांसाठी असलेल्या रुग्णालयात ती वारली.

आपल्याला हॉलिवूडच्या स्मशानभूमीत, चित्रपटसृष्टीतल्या इतर मंडळींच्या शेजारी पुरावं, अशी तिची इच्छा होती. पांढरी शवपेटी, केसांत आणि हातांत पांढरी गार्डिनिया, सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. फुलं मिळाली, जागा मिळाली नाही. ते स्मशान फक्त गोऱ्यांसाठी होतं. रोझडेल या दुसऱ्या स्मशानभूमीत तिला पुरलं. मागे राहिलेली चीजवस्तू करापोटी गेली. १९९९मध्ये हॉलिवूडच्या स्मशानभूमीचे नवे मालक तिचे अवशेष आणायला तयार झाले, पण नातलगांनी ते हलवू दिले नाहीत. तिथे आता तिच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे.

राहिली ती पाटी. हॅटीनं ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला देऊन ठेवली होती. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली ही नामांकित संस्था. तिथल्या नाट्यविभागात ती काही वर्षं होती आणि मग, साठचं दशक संपता संपता केव्हातरी, दिसेनाशी झाली. शोधाशोध पुष्कळ झाली, पण पाटी मिळाली नाही. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री, व्हूपी गोल्डबर्ग, १९९१मध्ये व्यासपीठावर आली तोवर ५१ वर्षं लोटली होती. २०१०मध्ये मोनीक या अभिनेत्रीनं हाच सहायक भूमिकेचा पुरस्कार घेताना केसांत गार्डिनिया माळली होती. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं हॉवर्ड विद्यापीठाला नवी पाटी करून दिली. हरवलेली पाटी अजून सापडलेली नाही.