छत्रीखालचा चेहरा



फ्रान्सचे थोर चित्रकार क्लोद मोने आपण निसर्गचित्रांमुळे ओळखतो. पण त्यांच्या निसर्गात बरीच वर्षे एक माणूसही होते. ती त्यांची पत्नी कामीय.

मोने यांचा जन्म १८४० मध्ये पॅरिसला झाला. बालपण ल आव्र या बंदराच्या गावी गेले. तेथे बूदँ या ज्येष्ठ चित्रकाराने त्यांना उघड्यावर बसून चित्र काढण्याची गोडी लावली. पुढे पॅरिसमध्ये कामीय त्यांच्या चित्रांसाठी उभी राहू लागली आणि दोघांचे प्रेम जुळले. ‘बागेतील स्त्रिया’ हे अडीच मीटर उंचीचे चित्र त्यांनी बागेतच रंगवायला घेतले. वरचा भाग हाताशी यावा म्हणून चर खणून कॅनव्हास त्यात उतरवावा लागे. १८६७ च्या सरकारी प्रदर्शनाने ते नाकारले. त्याच वर्षी मुलगा झाला. घरच्यांना हा संबंध मान्य नव्हता, जवळ पैसा नव्हता. तरीही १८७० मध्ये दोघांनी विवाह केला.

सेन नदीकाठच्या आर्जांतय गावी काही सुखाची वर्षे लाभली. १८७५ च्या चित्रात कामीय छत्री घेऊन उंचवट्यावर उभी आहे. वाऱ्याने तिच्या चेहऱ्यावरची जाळी उडते आहे, पायाशी गवत डोलते आहे.

५ सप्टेंबर १८७९ रोजी, दीर्घ आजारानंतर, अवघ्या ३२ व्या वर्षी कामीयचे निधन झाले. मोने यांनी मृत्युशय्येवरील तिचे चित्र काढले. त्या दुःखातही आपले डोळे तिच्या चेहऱ्यावरचे बदलते रंग शोधत होते, असे त्यांनी पुढे आपले मित्र क्लेमांसो यांच्याजवळ कबूल केले. त्याच हिवाळ्यात सेन नदी गोठली. जानेवारी १८८० मध्ये बर्फ फुटला, तेव्हा मोने कडाक्याच्या थंडीत काठावर जाऊन वाहणारे हिमखंड रंगवीत राहिले.

१८८६ मध्ये त्यांनी पुन्हा छत्री घेतलेली तरुणी रंगविली. या वेळी उभी होती आलिस यांची मुलगी. आलिस यांच्याशी त्यांनी पुढे १८९२ मध्ये विवाह केला. या चित्रांत गवत आहे, ढग आहेत, वारा आहे. चेहरा मात्र पुसट आहे.

१९२६ मध्ये जिव्हेर्नी येथे, स्वतः फुलविलेल्या बागेच्या सान्निध्यात मोने यांनी देह ठेवला. मित्रांनो, ही दोन्ही छत्रीची चित्रे शेजारी ठेवून एकदा अवश्य पाहा. निसर्गचित्रात केवळ झाडे आणि आकाश नसते, हे तुमचे तुम्हालाच कळेल.