पत्त्यांची वही

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुस्तकांच्या वेबसाइटचे नेमसर्व्हर बदलण्याचा प्रसंग आला. भाच्याने एक बटण दाबले आणि आता दोन दिवस धीर धरा म्हणून सांगितले. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा धीर कुठून यावा? त्या दोन दिवसांत साइट माझ्याकडे नवी दिसे, पुण्याच्या बहिणीकडे जुनी. वाचकांची ई-पत्रे मात्र परत जाऊ लागली. टपालाची नोंद नव्या ठिकाणी उतरवून घ्यायला आम्ही मामा-भाचे दोघेही विसरलो होतो. करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून ही व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांतल्या एका माणसाविषयी वाचत बसलो.

जॉन पोस्टेल. जन्म 6 ऑगस्ट 1943, कॅलिफोर्नियातील अल्टाडीना गावचा. लांब दाढी, पायात सँडल, बोलणे मोजके. 1969 मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचा पहिला संगणक ज्या विद्यापीठात जोडला गेला, त्याच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हा तरुण शिकत होता. बरोबरीची मंडळी शोध लावण्यात गुंतलेली. याने अंगावर घेतले ते नोंदी ठेवण्याचे काम. कोणता क्रमांक कशासाठी, हे कुणीतरी एकाने ठरवावे, असे त्याने 1972 मध्ये सुचवले आणि ते काम स्वतःकडेच घेतले. प्रत्येक शाखेत असा एक लेजरवाला असतो. तो रजेवर गेला की त्याची किंमत कळते.

तेव्हा सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत ठेवलेली. बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी आवरेना. पोस्टेल 1977 पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होता. त्याने तिथल्या पॉल मोकापेट्रिसवर नवी पद्धत शोधण्याचे काम सोपवले आणि 1983 मध्ये ती पुढे आली.

आमच्या दोन दिवसांचे कोडे तिथेच सुटले. आता सगळे पत्ते एका वहीत नाहीत. वरच्या वहीत एवढेच लिहिलेले, की अमुक नावाची चौकशी तमुक खिडकीवर करा. ती खिडकी म्हणजे नेमसर्व्हर. विचारणारा मिळालेले उत्तर काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतो. ‘डॉट कॉम’च्या वरच्या वहीने ही मुदत 48 तासांची ठेवली आहे. म्हणजे आपण खिडकी बदलली तरी कुणी नव्या खिडकीवर जातो, कुणी जुन्या. दोन्हीकडे साइटच्या, टपालाच्या, सगळ्या नोंदी सारख्या असल्या तर कुणाला पत्ताही लागत नाही. जुनी खिडकी घाईने बंद केली की गोंधळ. आमची शाखा हलली तेव्हा जुन्या जागेत महिनाभर एक शिपाई बसवला होता, तो उगाच नव्हे.

देशोदेशींच्या नावांच्या नोंदीही पोस्टेलच्याच देखरेखीखाली होत. आपले ‘डॉट इन’ त्या वहीत 1989 मध्ये आले; पुढे बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून चाले.

मग 28 जानेवारी 1998 उजाडला. जगातल्या सर्वांत वरच्या वह्या तेरा. बाकीच्या बारा व्हर्जिनियातील एका कंपनीकडच्या मूळ वहीवरून उतरवल्या जात. ही मालकी कुणाची, यावर वाद पेटला होता. पोस्टेलने त्यांतल्या आठ चालकांना कळवले, की यापुढे नक्कल माझ्या यंत्रावरून घ्या. त्यांनी घेतली! एका साध्या ई-पत्रावर, केवळ त्या माणसाच्या भरवशावर. व्हाइट हाउसकडून खरमरीत फोन आला. ही चाचणी होती असे सांगून त्याने काही दिवसांतच सारे पूर्ववत केले.

बँकेच्या नियमांत वाढलेल्या मला हे पटत नाही. अधिकारपत्राविना तिजोरीची किल्ली हलवणे ते हलवणेच. पण त्याने वहीतली एकही नोंद बदलली नव्हती, हेही खरे. अर्धेअधिक जग नव्या खिडकीवर गेले आणि सामान्य माणसाला काहीच जाणवले नाही, कारण दोन्हीकडे उत्तर एकच होते.

त्याच सप्टेंबरअखेर हे काम सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. 16 ऑक्टोबर 1998 रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून पोस्टेल गेला. वय 55.

टपालाची नोंद भाच्याने तिसऱ्या दिवशी भरली. जुन्या सर्व्हरचे भाडे आता कशाला, असे तो विचारत होता. महिनाअखेरपर्यंत राहू दे, म्हणून मी त्याला सांगितले.